आधी हवा, मग पाखरू

चि. सई,


नवा कॅमेरा घेतल्याचं तुझ्या आईने कळवलं आणि त्याच संध्याकाळी तुझा निरोप आला : ‘मामा, डिसेंबरात येते. उडतं गिधाड टिपायचंय. कुठली लेन्स घेऊ?’ लेन्सचं उत्तर एका ओळीत संपतं. ४०० मिलिमीटरपर्यंत जाणारी, हातात पेलवणारी कुठलीही चालेल. ६०० ची घ्यायचीच असेल तर घे, पण ती तासभर उचलून धरायची ताकद दंडात आहे का ते दुकानातच बघून घे. उरलेलं उत्तर लांबलचक आहे, म्हणून फोन न करता लिहायला बसलोय. आणि हे सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण हाच प्रश्न इकडे चंद्रपूर-गडचिरोलीत येणारी बरीच पोरं विचारतात आणि लेन्सचं नाव कळलं की बाकीचं ऐकायला थांबत नाहीत.

मोठं पाखरू पंखाच्या जोरावर थोडं आणि हवेच्या जोरावर जास्त उडतं. आपल्याकडचं पांढऱ्या पुठ्ठ्याचं गिधाड साधारण पाच किलोचं; पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन मीटरच्या आसपास भरतं. एवढं धूड पंख मारत दिवसभर हवेत ठेवायचं म्हटलं तर खाल्लेलं अन्न त्यातच संपेल. म्हणून ते उन्हाची वाट बघतं. ऊन चढलं की नांगरलेलं शेत, डांबरी रस्ता, खडक, नदीची कोरडी वाळू हे सगळं लवकर तापतं. शेजारचं जंगल आणि पाणी उशिरा तापतं. तापलेल्या जागेवरची हवा तव्यावरून वाफ उठावी तशी वर उठते. त्या उठत्या हवेत शिरून पाखरू पंख न हलवता गोल गोल चढत जातं. पुरेशी उंची आली की तिरकं घसरत पुढच्या अशाच जागेवर जातं आणि पुन्हा चढतं. दिवसाचा त्याचा सगळा प्रवास हा असा चढ-उताराचा.

आता तुझी अडचण बघ. गिधाडाला उचलणारी ही गरम हवाच तुझा फोटो नासवते. जमिनीलगत झळा सुरू झाल्या की लेन्स कितीही महागडी असो, पिसांच्या कडा विरघळलेल्या येतात. मग पोरं फोकसला दोष देतात, लेन्स दुरुस्तीला टाकतात, दुसरी विकत घेतात. लेन्स लांब पल्ल्याची असली तर हा त्रास उलट वाढतो, कारण तू आणि पाखरू यांच्यामध्ये तेवढी जास्त थरथरती हवा येते. यावर यंत्राचा उपाय नाही. उपाय वेळेचा आहे.

थंडीत वैनगंगेवर सकाळी धुकं असतं. गिधाडं उंच अर्जुनाच्या झाडावर पंख उघडून उन्हाला बसलेली असतात. तू सूर्योदयाला पोचलीस तरी ती हलणार नाहीत. तुझा उत्साह त्यांच्या उपयोगाचा नाही. तू घारींकडे बघ. घार अंगाने हलकी, तिला थोडी उठती हवाही पुरते, म्हणून ती आधी चढते. घारी चकरा घेऊ लागल्या की समज, आता थोड्या वेळात गिधाडं सुटतील. साधारण नऊ-साडेनऊ. पहिल्या अर्ध्या तासात पाखरू खालीच असतं, चकरा छोट्या असतात, ऊन अजून तिरपं असतं आणि झळांना जोर आलेला नसतो. एवढाच काय तो तुझा वेळ. अकरानंतर आभाळात ठिपके उरतात. ते दुर्बिणीतून बघावेत आणि कॅमेरा पिशवीत ठेवावा.

नदीकाठ मी आणखी एका कारणासाठी सांगतो. पाखरू डोक्यावर असलं की त्याची खालची बाजू सावलीत जाते आणि फोटोत काळा आकार तेवढा उरतो. डिसेंबरात मार्कंड्याला, जिथे वैनगंगा उत्तरेला वळते, तिथे पांढुरकी वाळू दूरवर उघडी पडलेली असते. त्या वाळूवर पडलेलं ऊन परत वर जातं आणि पाखराचं पोट, पंखाखालची पिसं उजळून निघतात. हाच फोटो दाट सागाच्या जंगलावर काढलास तर मिळणार नाही. थंडीत दुसरी एक सोय आहे. आपल्या अक्षांशावर डिसेंबरचा सूर्य भरदुपारीही आभाळाच्या मध्यावर येत नाही, निम्म्याच उंचीवर राहतो. मेमध्ये तो थेट डोक्यावर येतो, आणि चंद्रपूरचा मे काय असतो हे तुझ्या आईला विचार.

वाऱ्याचं गणित सोपं आहे. मोठं पाखरू उठतं तेही वाऱ्याच्या तोंडावर आणि उतरतं तेही वाऱ्याच्या तोंडावर. म्हणून वारा पाठीवर घेऊन उभी राहा, म्हणजे उतरणारं पाखरू तुझ्याकडे तोंड करून येईल. सूर्यही पाठीशी असेल तर आणखी काय पाहिजे? बहुतेक वेळा दोन्ही एका बाजूला नसतात. तेव्हा मी वारा निवडतो. उन्हामागे गेलेल्या पुष्कळांच्या संग्रहात छान उजेडातली शेपटं आहेत.

आता कॅमेऱ्याचं थोडक्यात सांगतो, कारण यावर बोलणारे खूप आहेत. शटर तरंगणाऱ्या गिधाडाला १/१२५० पुरतं, उठताना-उतरताना १/२००० च्या वर ने. हंसासारखे पंख मारत उडणारे असतील तर आणखी वर. एक्स्पोजर मॅन्युअल ठेव. पाखरू चकरा घेताना मागे कधी पांढरं आभाळ येतं, कधी काळपट डोंगर. कॅमेऱ्यावर सोपवलंस तर तो मागचं बघून दर वेळी मत बदलतो, आणि पाखरावरचं ऊन तर तेच असतं. फोकस सतत पाठलाग करणाऱ्या मोडवर. पाखरू लांब असतानाच चौकटीत घे, नुसतं सोबत फिरत राहा, जवळ येऊ दे, मग तीन-चार फोटोंचा छोटा झोत. सुरुवातीपासून बटण दाबून ठेवलंस तर नेमकं वळताना कॅमेरा भरलेला असेल. पाय आधीच त्या दिशेला रोव जिथे पाखरू शेवटी येणार आहे, आणि कंबरेतून मागे वळून सुरुवात कर. पुण्यात मुठेच्या पुलावर घारी भरपूर आहेत. येईपर्यंत त्यांच्यावर हात बसव. घार गिधाडापेक्षा अवघड आहे; ती क्षणात दिशा बदलते.

गिधाडाआधी तुला इरईवर नेतो. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राला पाणी द्यायला हे धरण बांधलं, आणि हिवाळ्यात त्याच पाण्यावर रंगीत करकोचे, हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब उतरतात. मागे वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. फोटो काढणारे चिमण्या चौकटीबाहेर ठेवायला बरीच कसरत करतात, काही जण घरी जाऊन पुसून टाकतात. मला ते पटत नाही. २,९२० मेगावॉटच्या केंद्राच्या पाण्यावर तिबेटाकडचा हंस बसतो ही या जिल्ह्याची खरी गोष्ट आहे. चिमणी पुसलेला फोटो कुठलाही होऊ शकतो, भरतपूरचा, जायकवाडीचा. चिमणीसकटचा फोटो फक्त चंद्रपूरचा.

ताडोब्याच्या तळ्यावर करड्या डोक्याचा मत्स्यगरुड असतो. तो चकरा घेत नाही, पाण्याकाठच्या झाडावर तासन्‌तास बसतो आणि एकदाच सुटतो. त्याचा फोटो म्हणजे निव्वळ थांबणं. आणि जिप्सीत थांबायला कोणी तयार नसतं. सहा जणांच्या माना वाघाच्या पाऊलखुणांकडे, वायरलेसवर ‘साइटिंग, साइटिंग’. तू वर बघायला लागलीस की मागच्या सीटवरचे चुळबुळ करतात. गाईडला आधीच सांग की आम्हाला पाखरं बघायची आहेत. त्यांतले कितीतरी जण पाखरांत मुरलेले आहेत, त्यांना कोणी विचारत नाही एवढंच.

वरोरा-भद्रावतीकडे जाताना एक गोष्ट दाखवीन, म्हणजे तिथे दाखवायला काही उरलेलं नाही तेच. या कापूस-सोयाबीनच्या शेतांमध्ये माळढोक होता. सोलापूरच्या नान्नजचं नाव सगळ्यांना ठाऊक, वरोऱ्याचं फारसं कोणाला नाही. उडणाऱ्या पाखरांतल्या सगळ्यात वजनदारांपैकी हे एक, नर १५ किलोपर्यंत जातो. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला थेट समोरचं कमी दिसतं, आणि वजनामुळे ऐनवेळी वळता येत नाही. विजेची तार त्याला दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. राजस्थान-गुजरातेतल्या तारांच्या प्रश्नावर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला. आमच्याकडे शेताशेतांतून तारा कधी वाढल्या आणि पाखरू कधी दिसेनासं झालं, याची फोटोंमधून नोंद ठेवणारं कोणी नव्हतं. ज्यांनी माळढोक पाहिला, त्यांनी तो पाहिला एवढंच.

तू तारेवर कुरकुरणार हे मला माहीत आहे. सगळेच कुरकुरतात : आभाळ छान, पाखरू छान आणि मध्ये तार. पण मोठी पाखरं तारांनी मरतात, तेव्हा तार ही त्या फोटोतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू असू शकते. ती पुसू नकोस. आता मोबाईलसुद्धा बोटाच्या एका फटकाऱ्यात तार गायब करतो, त्यामुळे हे मुद्दाम सांगावं लागतं.

गिधाडांकडे येतो. बँकेच्या बदल्यांनी मला अहेरी, चामोर्शी, सिरोंचा फिरवलं. नोकरीच्या सुरुवातीला गावाबाहेर मेलेली ढोरं टाकायच्या जागेवर गिधाडं इतकी असत की रस्त्यावरून जाताना नाक दाबून पुढे निघायचं, थांबून बघावं असं त्यात कोणाला वाटत नसे. फोटो काढायचा विचार तर दूरच. मग ती कमी झाली, आणि आम्ही समजलो दुसरीकडे गेली असतील. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून २००७ पर्यंत भारतात पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांत ९९.९ टक्के घट झाली; हजारातलं एक उरलं. कारण २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलं. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या तपासणीतून ते शोधलं होतं : जनावरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं बंद पडतात. भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जात होत्या, त्या २०१५ मध्ये बंद केल्या. त्याच जातीची आणखी दोन औषधं, अॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन, २०२३ मध्ये. वर्षाला एकच अंडं घालणारं पाखरू, भरून यायला किती पिढ्या लागतील याचा हिशेब तूच कर.

गडचिरोलीत थोडी टिकली. जुनी उंच झाडं, मोकळी चरणारी गुरं आणि पलीकडे छत्तीसगड-तेलंगणापर्यंत सलग रान, या तिन्हींचा त्यात वाटा असावा असं मला वाटतं. वनविभागाने त्यांच्यासाठी उपाहारगृहं उभारली. नाव ऐकून हसू नकोस. मेलेलं जनावर विषारी औषध दिलेलं नाही याची खात्री करून ठराविक जागी ठेवायचं, म्हणजे गिधाडांना निर्धोक खाणं मिळतं. चामोर्शीकडच्या एका म्हाताऱ्याशी यावर बोलत होतो. तो म्हणाला, ‘‘गिधाडं येतेत ना जी, पन मेलेला ढोर कोन टाकून रायला आता? मराच्या आधीच इकून टाकतेत.’’ फाईलमध्ये न सापडणारं कारण त्याने एका वाक्यात सांगितलं. ट्रॅक्टर आला, बैल गेले, म्हातारी जनावरं बाजारात जातात. औषध थांबलं तरी ताट रिकामंच.

आणि ताडोबा. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून पांढऱ्या पुठ्ठ्याची १० गिधाडं ताडोब्याच्या कोळसा परिक्षेत्रात बोटेझरीला आणली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि वनविभाग यांचं हे काम. आधी मोठ्या पिंजऱ्यात इथल्या हवेची सवय, मग त्याच वर्षी पाठीवर जीपीएस यंत्र बांधून मोकळी केली. सगळी तगली नाहीत. पण त्यातलं एक फिरत फिरत तमिळनाडूपर्यंत गेलं. पिंजऱ्यात जन्मलेलं पाखरू, त्याला उठती हवा कुठे असते हे कोणी शिकवलं नव्हतं.

यातलं एखादं तुझ्या चौकटीत आलं तर त्याच्या पाठीवर यंत्र दिसेल, आणि ते तुला खटकेल. ‘नॅचरल’ नाही ना वाटत. मी असे फोटो पाहिलेत ज्यांत यंत्र सफाईने पुसलं आहे, आणि खाली शंभर जणांनी वाहवा केली आहे. त्या फोटोत आता काय उरलं? एक गिधाड, एक निळं आभाळ. हे कुठलं पाखरू, कुठून सुटलं, जिवंत आहे का, हे सांगणारी एकमेव खूण गेली. तू ती ठेव, वेळ आणि जागा लिही, आणि वनविभागाला कळव. यंत्राची बॅटरी संपली तरी फोटो साक्ष देतो.

यंत्र नसलेल्या पाखराचा फोटोही खूप सांगतो, काय बघायचं ते माहीत असलं तर. पूर्ण वाढलेल्या पाखराच्या पंखाखाली पुढच्या बाजूला ठसठशीत पांढरं असतं, मागची पिसं काळी. पिल्लाला ते पांढरं तसं नसतं, अंग तपकिरी. म्हणजे एका फोटोवरून कळतं की अलीकडे पैदास झाली आहे. वळताना पाठ दिसली की पुठ्ठ्यावरचा पांढरा डाग दिसतो. तो नसेल आणि रंग फिकट असेल तर लांब चोचीचं असू शकतं. पंखातली गळालेली, नव्याने येणारी पिसं नीट दिसत असतील तर काही आठवड्यांपुरतं तेच पाखरू पुन्हा ओळखता येतं. गळ्याखाली पिशवी फुगलेली दिसली तर ते जेवून आलंय, सपाट असेल तर उपाशी आहे. म्हणून मला नजरेला नजर देणारा, मान वळवलेला, बक्षीस मिळवणारा फोटो दुय्यम वाटतो. पंख पूर्ण उघडे, खालची बाजू उजेडात, प्रत्येक पीस मोजता येईल असा कंटाळवाणा फोटो आधी काढ. मग हवा तो काढ.

या मागणीत मी पहिला नाही. एतिएन-ज्यूल मारे नावाच्या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. खांद्याला लावायचा, पाखरावर नेम धरायचा, चाप ओढायचा; सेकंदाला १२ चित्रं. त्याला सुंदर चित्र नको होतं, पंख नेमका कसा खाली येतो आणि कसा वर जातो ते बघायचं होतं. डोळ्याला ते दिसत नव्हतं. तुझा कॅमेरा सेकंदाला २० काढतो म्हणून दुकानदाराने सांगितलं असेल. मारेच्या १२ चित्रांचा प्रश्न तुझ्या २० चित्रांना विचारून बघ.

एक गोष्ट मात्र तू मागितलीस तरी देणार नाही : घरट्याची जागा. हिवाळा हा त्यांच्या विणीचा काळ, तुझी सुट्टी नेमकी त्यात येते. झाडाखाली माणसं घोटाळली की मोठं पाखरू उठतं, आणि अंडं किंवा पिल्लू उघड्यावर राहतं. घरट्यातून उठणाऱ्या गिधाडाचा ‘फ्लाइट शॉट’ मला कोणी दाखवला की मी फोटोची तारीफ करत नाही, माणूस कुठे उभा होता ते विचारतो. ड्रोनचं तर नावच काढू नकोस. आणि तुझे फोटो टाकताना नेमकं ठिकाण देऊ नकोस. ‘गडचिरोली जिल्हा’ पुरे. वनविभागाला मात्र नेमकं सांगायचं.

आता सामान. मातकट, शेवाळी कपडे. पांढरा किंवा लाल नको. स्वेटर आण, पहाटे लागेल आणि दहाला काढून ठेवशील. लेन्सला टेकू म्हणून कापडाची रिकामी पिशवी आण, इथे तिच्यात तांदूळ भरू, जाताना तो शिजवू. जादा बॅटरी दोन. मेमरी कार्ड मोठं असलं की माणूस आळशी होतो, मध्यम आण. ताडोबा मंगळवारी बंद असतं, म्हणून सोमवारच्या गाडीने निघ. मंगळवारी इरई करू आणि बुधवारची सफारी मी बघतो. गडचिरोलीला मुक्काम ओळखीच्या घरी आहे, हॉटेल शोधत बसू नकोस. तिकीट झालं की कळव.

तुझा,
मामा